लाइट येईपर्यंत

"ताई, अक्का गेल्या. आता खाली बसा, मग कसं झालं ते सांगते."

भालकीहून सविता वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात चहाचं आधण ठेवलं होतं. दुसरी कुणी असती तर आधी रडली असती, किंवा "तब्येत जरा जास्त झालीय, निघून या" असं म्हणून मला सोलापूरपर्यंत आशेवर ठेवलं असतं. पण त्या घरात बातमी अशीच सांगतात, शेवट आधी. ही सवय ज्या बाईनं लावली तीच गेली होती, आणि तिची सून तिच्याच पद्धतीनं मला ते सांगत होती. मी गॅस बंद केला, ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसले आणि म्हटलं, "सांग." मग तिनं सगळं सांगितलं... रात्र कशी गेली, पहाटे पाणी कुणी पाजलं, शेवटी ती काय बोलली. फोन तिनं केला होता, तिच्या नवऱ्यानं नाही. नागअण्णा, म्हणजे अक्काचा मुलगा, माझ्याशी दसऱ्यापासून बोलत नव्हता. संक्रांत नुकतीच झाली होती, वहिनीनंच पाठवलेला तिळगूळ डब्यात तसाच होता. मी पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

अक्का माझी सख्खी आत्या. पण तिला आत्या कुणीच म्हणायचं नाही, तिचा स्वतःचा मुलगासुद्धा अक्काच म्हणायचा. भालकीत, सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात, तिची पिठाची गिरणी. काही वर्षांपूर्वी मी माझ्या लहानपणच्या वाचनवेडावर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यातलं वाचकांचं सगळ्यात लाडकं पात्र म्हणजे ही गिरणीवाली अक्का. मी त्या पुस्तकाची नायिका, पण मला कोण विचारतो! कार्यक्रमाला गेले की पहिला प्रश्न, "अक्का कशा आहेत?" आणि आता ती गेल्याचं कळल्यावर निरोप येताहेत की आपल्या अक्का पुस्तकात अमर आहेत. अहो, कसली अमर! पुस्तकातली अक्का पोरांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगते. खरी अक्का म्हणायची, "सरक तिकडं, उकडायलंय." लोक माझ्या भल्यासाठीच लिहितात, मला कळतं. तरी प्रत्येक निरोप वाचला की चिडचिड होते, वाटतं की हे दुसऱ्याच कुणासाठी रडताहेत.

तिनं स्वतः ते पुस्तक वाचलं होतं. म्हणजे हातात घेतल्याबरोबर सरळ शेवटचं पान काढलं, ते वाचलं, मग पहिल्यापासून. मराठी ती सावकाश वाचायची, त्यामुळे चार-पाच दिवस लागले. मग फोन आला. "ही कोण बाई हाय गे? कुणावर खेकसत न्हाई, कुणाचं दळण मागं टाकत न्हाई. लई ग्वाड. मुंग्या लागतील हिला." मी हसत सुटले. ती हसली नाही. "आन् शेवटाला मला जित्ती ठिवलीस. म्हंजे पुस्तक आर्धंच हाय की." आज ती असती तर या लेखाचाही शेवट तिनं आधी विचारला असता. तो मला माहीत नाही, आणि म्हणूनच गेले काही आठवडे मला एका जागी बसवत नाही. उठते, खिडकी उघडते, लावते, पुन्हा बसते. लिहून तरी बघावं म्हणून बसले आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. वडील चिंचवडला कारखान्यात लागले, आई आणि मी भालकीत मागे राहिलो, अक्काच्या घराला लागून. त्या काळात आमच्याकडे लाइट येण्यापेक्षा जायची जास्त. गाव वैतागायचं, वायरमनला शिव्या घालायचं. मी मात्र मारुतीला हात जोडून मागायचे, देवा, लाइट जाऊ दे. कारण लाइट गेली की गिरणीचा पट्टा फडफडत थांबायचा, कान एकदम मोकळे व्हायचे आणि अक्का हाताचं पीठ पदराला पुसून फळीवरचं पुस्तक काढायची. ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बायका जागच्या हलायच्या नाहीत, कारण घरी गेलं आणि तेवढ्यात लाइट आली तर नंबर गेलाच. मग करायचं काय? भिंतीला टेकायचं आणि ऐकायचं. मी गव्हाच्या पोत्यावर. पोतं उबदार असायचं आणि नाकात पिठाचा वास. अजूनही नवं पुस्तक उघडलं की मला आधी तो वास आठवतो, कागदाचा नंतर.

पुस्तक असायचं सरकारी लायब्ररीतलं, कन्नड. अक्का हुमनाबादेकडे तिच्या मामाच्या घरी वाढली, शाळा कन्नडात झाली. तिचे डोळे कन्नडावर फिरायचे आणि तोंडातून मराठी यायची, तीही आपली भालकीची. पुस्तकातला म्हैसूरकडचा जमीनदार तिच्या तोंडी "कामून रे, का करायलास?" म्हणून नोकराला झापायचा. मधेच समोरच्या गल्लीतल्या खैरूनबीसाठी दोन वाक्यं दखनी उर्दूत. एका पानाला तीन भाषा, आणि ती कुठे अडखळलीय असं मला एकदाही आठवत नाही. अडखळली की ती अडखळल्याचं कळू न देता एखाद्या बाईवर खेकसायची, "ऐकायलीस का झोपलीस?" आणि तेवढ्यात शब्द शोधून घ्यायची. हे गुपित मला फार उशिरा कळलं.

त्या पोत्यावर बसून माझा एक पक्का समज झाला होता, आणि तो फक्त आमच्या भागातल्या पोराचाच होऊ शकतो. मला वाटायचं की लिहिणं म्हणजे कन्नड आणि बोलणं म्हणजे मराठी. का वाटू नये? बसवर पाटी कन्नड, आणि कंडक्टर ओरडायचा, "चला उदगीर, उदगीर, मागं सरका!" दवाखान्यावर, दुकानांवर, तहसीलीवर सगळीकडे ती गोल गोल अक्षरं, आणि आत गेलं की सगळे मराठीत भांडणार. म्हणजे लिहिलेलं असं दिसतं आणि वाचलं की असं ऐकू येतं, एवढंच. पुढे मराठी शाळेत घातलं आणि गुरुजींनी फळ्यावर 'अ' काढला तेव्हा मी घरी येऊन अक्काला सांगितलं की गुरुजींना लिहिता येत नाही. अक्का इतकी हसली की चालू गिरणी बंद करावी लागली. तो समज गेला, पण पुरता गेला नाही. पुण्यात कॉलेजला आल्यावर मी अप्पा बळवंत चौकातली दुकानं पालथी घातली, अक्कानं वाचलेली पुस्तकं मराठीत शोधायला. एवढी चांगली पुस्तकं, मराठीत आली नसतील असं होईल कसं? दुकानदार विचारायचा, "लेखक कोण?" मला लेखक माहीत नाही. "नाव?" नावं अक्कानं ठेवलेली, 'त्या मिशावाल्याचं', 'विहिरीचं भांडण', 'दोन जावा'. एक दुकानदार शेवटी म्हणाला, "बाई, हे पुस्तक तुम्हीच लिहा आणि मला आणून द्या." मला रडू आलं होतं. पण त्याचं म्हणणं कुठेतरी डोक्यात राहिलंच असणार.

आता मूळ मुद्दा. अक्का गोष्ट सुरू करायच्या आधी शेवट सांगायची. पुस्तक उघडलं की आधी शेवटचं पान, मनातल्या मनात वाचायचं, मग डोकं वर करून जाहीर करायचं, "ह्यात थोरली जाऊ मरती, धाकटी तिची लेकरं संभाळती. आता ऐका." मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा पाय आपटले, भोकाड पसरलं. सगळी मजाच घालवली की! अक्का म्हणाली, "लाइट कव्हा येईल भरवसा हाय का? मधीच आली की मी गिरणी चालू करणार. ह्या बाया दळण घेऊन घरी जाणार, आन् रातभर जिवाला घोर. त्यापरीस शेवट सांगून ठिवलेला बरा." खरोखरच लाइट आली की ती अर्ध्या वाक्यात थांबायची. एखादा नायक दारात एक पाय टाकून तसाच उभा, आणि पट्टा सुरू. पुन्हा लाइट जाईपर्यंत तो तिथेच. खैरूनबीला तर शेवट कळल्याशिवाय बसवायचंच नाही, डबा ठेवल्या ठेवल्या ती म्हणायची, "अक्का, पैले आखिर का बोल देव." मी मात्र बरेच दिवस कानात बोटं घालून बसायचे. मग कधीतरी बोटं काढली. थोरली जाऊ मरणार हे माहीत असल्यामुळे ती पहिल्या पानावर साधं वांगं चिरत होती तरी माझा जीव तिच्यात अडकायचा. अक्काला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग? शेवट म्हाईत असला की मधलं नीट दिसतं. न्हाईतर नुसतं पळायचं." तेवढं बोलून लगेच, "ऊठ त्या पोत्यावरनं, फाडशील."

हे पुस्तकापुरतं असतं तर ठीक होतं. पण तिनं ते माणसांनाही लावलं. दहावी झाल्यावर वडिलांनी आम्हाला पुण्याला न्यायचं ठरवलं. मला जायचं होतं आणि मरण्याइतकं जायचं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी. तेव्हा आमच्या आळीत असंच चाललं होतं, आज ह्या घराला कुलूप, उद्या त्या. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, आणि प्रत्येक जण जाताना म्हणायचा, पैसा साठला की परत येऊ. मीही गिरणीत जाऊन म्हटलं, "अक्का, शिक्षण झालं की मी परत येणार." पट्टा घसरू नये म्हणून ती त्याला राळ लावत होती. मागे वळून न बघता म्हणाली, "शेवट सांगू का? तू परत हितं ऱ्हायला येणार न्हाईस. सणाला येशील, लग्नाला येशील. मरणाला येशील. आता रडायचं आसंल तर रड, आन् मंग नीट जा." मी रडले. रागानं रडले. आईला सांगितलं की अक्का दुष्ट आहे. पण बसमध्ये बसल्यावर बसवकल्याणच्या पुढे माझ्या लक्षात आलं की बाकीची पोरं जशी खिडकीतून मान काढून मागे बघत होती तशी मी बघत नव्हते, पुढे बघत होते. तिनं मला फसवलं नाही, हे किती मोठं होतं ते कळायला मला पुढे बरीच फसवणारी माणसं भेटावी लागली.

मग वर्षं गेली. गिरणीसमोर एसटीडी बूथ आला आणि गेला, मोबाइल आले, घरोघर केबल आली. लाइट गेली की बायका आता गोष्ट ऐकायच्या आणि लाइट आली की मालिका बघायला पळायच्या, दोन्हीतलं काहीच न सोडता. अक्का म्हणायची, "टीव्हीतली बाई शेवटच सांगंना बघ, वरीस झालं." अक्काचे यजमान गेले, नागअण्णा गिरणी बघू लागला, तरी लाइट गेली की पुस्तक अक्काचंच. तिला खोकला होता. पिठात जन्म गेलेल्या माणसाला खोकला असायचाच, असं सगळेच म्हणत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात खोकल्याबरोबर रक्त पडलं. नागअण्णा तिला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, परत आला आणि तिला सांगितलं की टीबी आहे, गोळ्या घेतल्या की बरी होशील. दसऱ्याच्या आधी मी गेले तेव्हा त्यानं मला गिरणीच्या मागे नेलं. दांडगा माणूस, पोती एकटा उचलणारा, पण ओठ थरथरत होते. "फुप्फुसाचा हाय. पसरलाय. तिला टीबीच म्हणून सांगितलंय, तू बी तसंच म्हण. तिला कळलं तर ती खचंल, शकू." मी मान हलवली की नाही, आठवत नाही. त्याचं चूक होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. त्याची आई होती ती. कुठल्या मुलाला ते आपल्या तोंडानं सांगवेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. बायका डबे रांगेला लावून दसऱ्याच्या धुण्याला गेल्या होत्या, गिरणीत आम्ही दोघीच. मी सवयीनं पोत्यावर बसले. अक्कानं फळीकडे हात नेला आणि पुस्तक न घेता परत आणला.

"शकू, ह्या टीबीचं मला खरं वाटंना. समदे लई ग्वाड बोलायल्यात. नाग्या च्या करून आणायलाय मला. जल्मात केला न्हाई त्यानं."

"अक्का, डॉक्टर म्हणालेत ना..."

"डॉक्टरला न्हाई इचारलं. तुला इचारलं. शेवट सांग."

बाहेर कुणीतरी यावं, फोन वाजावा, लाइट यावी... काही म्हणजे काही झालं नाही. ती माझ्याकडे बघत होती, पान उलटायच्या आधी बायकांकडे बघायची तशी, सगळ्या नीट बसल्या का बघायला. मला नागअण्णाचे ओठ दिसत होते आणि माझ्याकडे वळून न बघता पट्ट्याला राळ लावणारी ही बाईही दिसत होती. तिनं मला माझा शेवट सांगितला होता. तिचा मी कसा लपवू? मी सांगितलं. म्हटलं, टीबी न्हाई अक्का. फुप्फुसात गाठ हाय, पसरलीय. औषधानं थोडं लांबंल, बरं व्हायचं न्हाई.

तिनं पदरावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "येळवशीची भज्जी घावंल का?"

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात भज्जी, म्हणजे कडधान्यांची मिसळ भाजी, जेवायला. संक्रांतीच्या जरा आधी असते. मी म्हटलं, "घावंल. त्याच्या पुढचं सांगता येत न्हाई म्हणल्यात डॉक्टर."

"बरं." तिनं पदरानं तोंड पुसलं. रडली असेल, मला दिसलं नाही, कारण मला काहीच दिसत नव्हतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं केलीस. आता बाकीचं नीट बघती." तेवढ्यात लाइट आली. ती उठली, बटन दाबलं आणि रांगेतला पहिला डबा गिरणीत ओतला. खैरूनबीची ज्वारी होती. मी तिथेच बसून राहिले आणि ती दळत राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिनं सगळ्या बायकांना सांगून टाकलं. तिच्याच पद्धतीनं, शेवट आधी. "मला टीबी न्हाई, मोठा रोग हाय, मी जाणार. आता तोंडं पाडू नका, दळण टाका." मी तोवर पुण्याला परतले होते. नागअण्णाचा फोन आला तो ओरडतच. "तुला काय गरज हुती? तू पुण्याला जाऊन बसणार. हितं तिला बघायला मी हाय. सोलापूरला औषधाला येत न्हाई म्हणायलीय आता, बसमधी ओकत जायला मला येळ न्हाई म्हणती. आशा हुती तिला. तू काढून घेतलीस." आणि फोन ठेवला. सोलापूरच्या फेऱ्या चालू राहिल्या असत्या तर ती होळी बघती का, पाडवा बघती का? कुणी सांगावं. तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं, हे खरं. तिनं विचारलं नसतं तरी मला सांगावंसं वाटत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते आणि उठून खिडकी उघडते.

येळवशीला मी गेले. नाही कसं जाणार! कडब्याच्या खोपीपुढे अक्काला खाट टाकून दिली होती, ऊन अंगावर घेत ती बसली होती, अंगात काही उरलं नव्हतं पण आवाज तोच. "आंबील पातळ केलीस गे सविता, पाणी महाग न्हाई वाटतं भालकीत?" नागअण्णा सगळ्यांना वाढत होता. माझ्या पत्रावळीवर त्यानं भज्जी वाढली, भरपूर वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही. अक्कानं ते बघितलं. एक घास खाल्ला आणि मला म्हणाली, "घावली बघ भज्जी."

त्याच दिवशी तिनं मला ते सांगितलं, खाटेवर बाजूला बसवून. तिनं नवं पुस्तक लावलं होतं. एका टांगेवाल्याची घोडी हरवते आणि तो तिला शोधत गावोगाव फिरतो, असं काहीतरी. लाइट गेली की वाचत होती, दम लागला की थांबत होती. "पर ह्या बारीला शेवटचं पान बघितलं न्हाई गे," ती म्हणाली, आणि पोरीनं चिंच चोरून आणल्यासारखं हसली. "बाया भांडायल्यात. खैरून तर रुसलीय. पर म्हणलं, एक तरी शेवट म्हाईत नसावा की माणसाला." मी विचारलं, घोडी सापडेल असं वाटतं का? ती म्हणाली, "गप. सांगू नको म्हणायले ना मी."

ते पुस्तक तिचं वाचून व्हायचं राहिलं.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा भालकीला गेले. काही काम नव्हतं. पुण्यात करमत नव्हतं, तिथे करमेल असंही नव्हतं, तरी गेले. गिरणी चालू होती. नागअण्णानं मला बघितलं, डबा ओतला, पुन्हा गिरणीकडे तोंड केलं. सविता वहिनीनं पोतं झटकून दिलं. मी बसले. फळीवर पुस्तक होतं, त्यात खुणेला पट्ट्याच्या रबराचा तुकडा, अर्ध्याच्या जरासा पुढे. दुपारची लाइट गेली. पट्टा फडफडत थांबला. नागअण्णानं छिन्नीसारखी टाकी घेतली, गिरणीचा दगड उघडला आणि खाली बसून तो खरबरीत करायला घेतला, टक, टक, टक. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे त्या फळीवर. दिवसच्या दिवस हे असंच चाललं असणार, कुणी हात लावत नव्हतं.

शेवटी खैरूनबी म्हणाली, "शकू, तू पढ की मा. हमारी घोडी वैसीच लटकी है."

माझं कन्नड गंजलेलं. शाळेत शिकले तेवढंच, ते पुण्यात विसरले. तरी मी पुस्तक काढलं. पानांच्या फटीत पीठ होतं, मांडीवर सांडलं. रबराचा तुकडा काढला आणि दोन ओळी मनात जुळवल्या. टांगेवाला कुठल्यातरी बाजाराच्या गावात पोचला होता. "तो... घाट उतरला," मी म्हटलं, "आणि त्याला... त्याला..."

"घुंगरू," खैरूनबीनं पुस्तकात न बघता सांगितलं. ती ओळ अक्काची वाचून झाली होती. "पैले आखिर का बोल ना. अक्का बोलती थी." बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या, व्हय, शेवट सांगा ताई, मग वाचा.

माझा अंगठा आपोआप शेवटच्या पानाकडे गेला. त्या गिरणीची रीतच ती. आणि त्या क्षणी मला ते पान उलटवेना आणि मिटवेनाही. टाकीचा आवाज थांबला होता.

"शेवट सांगू नको," नागअण्णा म्हणाला.

दसऱ्यानंतरचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मान खालीच होती, दोन्ही हात दगडावर पिठात. मग तो म्हणाला, "अक्का जिथं ऱ्हायली तिथनं वाच."

मी वाचायला लागले. भिकार वाचत होते. एका शब्दाला तीनदा अडखळत होते, अक्कासारखं कुणावर खेकसून वेळ मारून नेणं मला जमत नव्हतं. घुंगरांचा आवाज आला म्हणून तो गर्दीत घुसला, बैलं होती. पुन्हा आवाज आला, पुन्हा घुसला. नागअण्णानं दगड बसवला, नट आवळले आणि पाना तसाच हातात धरून भिंतीला टेकून उभा राहिला. मी पान उलटलं.

डोक्यावरचा बल्ब लागला. लाइट आली होती. मी सवयीनं अर्ध्या वाक्यात थांबले आणि रबराचा तुकडा शोधू लागले. डबे रांगेत होते, बायका पदर सावरून उठायच्या बेतात. बटन नागअण्णाच्या हाताशी होतं.

त्यानं ते दाबलं नाही. सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो माझ्याकडे बघत होता.

"पुढं?" तो म्हणाला.

मी वाचत राहिले.